लेस्टरची कुंडली

दिवाळी अंक हाती पडला, की आमच्या घरी तो शेवटाकडून उघडतात. आधी वार्षिक राशिभविष्य, मग व्यंगचित्रे, आणि फराळाच्या ताटल्या उचलून झाल्या म्हणजे सवडीने कथा-कविता. माझ्या पत्नीचा ज्योतिषावर विश्वास नाही. पण कर्क राशीस यंदा प्रवासयोग आहे असे छापलेले असले, तर ती ते दोनदा वाचते आणि माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवते. पूर्वी मी तिला हसत असे. २०१५ पासून हसत नाही. त्या वर्षी मी स्वतःच एक वार्षिक भविष्य वर्तवले. ते माणसाचे नव्हते, एका फुटबॉल संघाचे होते. आणि ते असे काही चुकले, की त्यापुढे कर्क राशीचा प्रवासयोग वेदवाक्य मानावा.

हंगामापूर्वी संघाचे गुणदोष सांगणारे लेखन आपल्याकडे फारसे रुजलेले नाही. इंग्लंडात ते उदंड पिकते. ऑगस्ट उजाडला, की तिथली वर्तमानपत्रे पहिल्या वर्गातील वीसही संघांची पत्रिका मांडून बसतात. कोण आले, कोण गेले, गोलरक्षक कसा, बचाव कसा, प्रशिक्षकाचे आसन किती बळकट, आणि शेवटी हा संघ वीसांत कितवा येणार. आमच्या कोल्हापुरात हे छापीत नाहीत, बोलतात. शाहू स्टेडियमवरचे सामने सुरू होण्याआधी महिनाभर शिवाजी पेठेत आणि मंगळवार पेठेत कट्ट्यावर दुसरा विषय नसतो. पाटाकडीलने यंदा कोणाला आणले, दिलबहारचा बचाव किती टिकेल, अमका हाफ लग्न झाल्यापासून पळतो की नाही, याची चर्चा रात्री बारापर्यंत रंगते. त्या कट्ट्यांवर मी वाढलो. पुढे तीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आणि दरसाल शाळेचा संघ निवडला. तेव्हा संघ जोखणे आपल्याला येते, अशी माझी पक्की समजूत होती.

माझी भाची लग्नानंतर इंग्लंडात लेस्टर या गावी राहते. २०१५ च्या जुलैत तिचे पत्र आले. (पत्र म्हणजे हल्लीचे, यंत्रावरचे, पण ती मराठीत आणि मायना घालून लिहिते, म्हणून पत्रच म्हणतो.) "मामा, आमच्या गावचा संघ यंदा तग धरेल का, ते सविस्तर कळवा. ह्यांनी ऑफिसात पैज लावली आहे." मी चार पाने भरून उत्तर धाडले. संघाचे गुण डाव्या बाजूस, दोष उजव्या बाजूस, आणि तळाशी निकाल: अठरावा क्रमांक. शेवटचे तीन संघ खालच्या वर्गात जातात, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की याचा अर्थ हद्दपारी. भाचीने ती चार पाने छापून स्वयंपाकघरात फ्रिजवर चुंबकाने अडकवली. ती अजून तेथे आहेत. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती चहाबरोबर दाखवली जातात.

लेस्टर हे नाव दिवाळीच्या वाचकांस अगदीच परके नसावे. भारताबाहेर दिवाळीची सर्वांत मोठी रोषणाई जिथे होते अशा मोजक्या गावांत ते गणले जाते. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा त्यांतली हजारो कुटुंबे येथे येऊन राहिली. ती येऊ नयेत म्हणून लेस्टरच्या नगरपालिकेने त्या वेळी युगांडातील वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: येथे जागा नाही, शाळा भरलेल्या आहेत, कृपया येऊ नका. लोक तरीही आले, आणि ज्या बेलग्रेव्ह रस्त्यावर आज दिवे लागतात तो त्यांनीच उभा केला. अंदाज चुकवण्याची या गावाला जुनी सवय आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

गावचा फुटबॉल क्लब १८८४ चा. एवढ्या वर्षांत देशाचे अजिंक्यपद त्याने एकदाही मिळवलेले नव्हते. २०१४ साली तो खालच्या वर्गातून वर चढला आणि पहिल्याच वर्षी तळाशी जाऊन बसला. ३८ पैकी २९ सामने झाले तेव्हा त्याच्या नावावर अवघे १९ गुण होते. मग काय झाले कोणास ठाऊक, उरलेल्या ९ पैकी ७ सामने त्याने जिंकले आणि चौदावा येऊन तो वाचला. याचे एक कारण गावकरी मोठ्या गांभीर्याने सांगतात. १४८५ साली लढाईत पडलेला राजा तिसरा रिचर्ड याची हाडे २०१२ मध्ये लेस्टरातील एका मोटारतळाखाली सापडली, आणि २६ मार्च २०१५ रोजी तेथील कॅथीड्रलमध्ये त्यांचे विधिपूर्वक दफन झाले. त्यानंतरचा पहिलाच सामना संघाने जिंकला. अंत्यविधी राहून गेलेला पूर्वज सुखावला, की घरात बरकत येते, हे आपल्याकडच्या आजीबाईंना पटवून देण्याची गरज नाही. माझ्या चार पानांत मात्र राजा रिचर्डचा उल्लेख नव्हता.

त्यांत काय होते ते आता सांगितले पाहिजे, कारण हा लेख म्हणजे त्या चार पानांचेच परीक्षण आहे.

गुण मी तीन लिहिले होते. गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल भरवशाचा आहे. गेल्या हंगामाच्या अखेरीस संघाला जिंकण्याची चव लागली आहे. आणि जेमी वार्डी नावाचा फॉरवर्ड वाऱ्यासारखा पळतो. परंतु (हा 'परंतु' माझा) गेल्या हंगामात त्याने गोल पाचच केले, तेव्हा पळण्याचा उपयोग काय? वय अठ्ठावीस, काही वर्षांपूर्वीपर्यंत कारखान्यात काम करून गावगन्ना संघातून खेळत असे, अशा माणसाची वाढ येथेच संपली, असे मी ठोकून दिले होते.

दोषांची बाजू भरगच्च होती. ज्याने संघ वाचवला तो प्रशिक्षक नायजेल पिअरसन याला ३० जूनला काढून टाकले. त्याच्या जागी इटलीचा क्लाउडिओ रानिएरी आला. वय ६३, मोठमोठ्या क्लबांत हिंडलेला, पण कोणत्याही देशाच्या पहिल्या वर्गाचे अजिंक्यपद कधीच न मिळालेला. आदल्याच वर्षी तो ग्रीसच्या राष्ट्रीय संघाकडे होता आणि फेरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून घरच्या मैदानावर हरल्यावर त्याला निरोप मिळाला. गेल्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू कांबियास्सो क्लब सोडून गेला. बचावातले दोघे खांब, वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हुथ, तिशी ओलांडलेले आणि वळायला बैलगाडीइतका वेळ घेणारे. संघाला चेंडू पायात ठेवता येत नाही. राखीव खेळाडू तुटपुंजे. आणि नवीन खरेदी म्हणाल तर फ्रान्समधील काँ येथून आणलेला कोणी एन्गोलो कान्टे, उंची साडेपाच फूट. याच्यापुढे मी लिहिले होते: "अंगाने किरकोळ. इंग्लंडातल्या धक्काबुक्कीत निभाव लागणे कठीण."

माझे मत म्हणजे काही एकट्या वेड्याचे मत नव्हते. इंग्लंडातल्या अनेक जाणत्या समीक्षकांनी थोड्याफार फरकाने हेच म्हटले होते. सट्टेवाल्यांनी लेस्टरच्या अजिंक्यपदाला एकास पाच हजार असा भाव दिला होता. म्हणजे हे घडणारच नाही, असे ते भाव लावून सांगत होते.

२ मे २०१६ रोजी लेस्टर अजिंक्य ठरले. ३८ सामन्यांत २३ विजय, १२ बरोबऱ्या, फक्त ३ पराभव, ८१ गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा १० जास्त. ज्या वार्डीची वाढ मी खुंटवली होती त्याने सलग ११ सामन्यांत गोल करून नवा विक्रम केला आणि हंगामात एकूण २४ मारले. त्या रात्री भाचीचा फोन आला. तिकडे रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजत होते आणि ती नुसती हसत होती. मी फक्त "अभिनंदन" म्हणालो.

यावर सोपे उत्तर असे, की खेळात काहीही घडू शकते. हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. काहीही घडू शकत असेल तर आम्ही आयुष्यभर कट्ट्यावर बसून काय केले? आणि एक हौशी चमत्कार म्हणून ही गोष्ट सोडून देणे हा त्या अकरा जणांचाही अपमान आहे. म्हणून त्या वर्षीचे जेवढे सामने मिळाले तेवढे मी पुन्हा बसून पाहिले, समोर माझी चार पाने ठेवून. आणि मला जे दिसले ते माझ्या दृष्टीने पराभवाहूनही विचित्र होते. दोषांच्या बाजूला मी जे लिहिले त्यातले बरेचसे खरेच होते. मॉर्गन आणि हुथ वर्षभर मंदच राहिले. संघाला चेंडू शेवटपर्यंत पायात ठेवता आला नाही. सामन्यातला निम्म्याहून अधिक वेळ तो समोरच्यांकडेच असे. राखीव खेळाडू तुटपुंजेच होते. दोष होते, पण ते दोष ज्या जागी बाधतील त्या जागी रानिएरीने संघाला उभेच केले नाही.

हे जरा उलगडून सांगतो. ज्यांना फुटबॉलचा कंटाळा आहे त्यांनी तोवर एखादी चकली घ्यावी. मंद बॅकला भीती कशाची? पाठीमागे मोकळे मैदान असण्याची. चेंडू डोक्यावरून मागे पडला, की त्याला वळून पळावे लागते आणि तरणा फॉरवर्ड त्याला मागे टाकतो. पण तोच बॅक स्वतःच्या गोलपोस्टापासून पंधरा-वीस पावलांवर उभा राहिला, तर मागे मैदान उरतेच किती? तेथे पळण्याला किंमत नाही. उंची, छाती आणि धीर यांना किंमत आहे, आणि या तिन्ही गोष्टी त्या दोघांकडे मणाने होत्या. बाजूचे बॅक आत सरकून राहत. समोरच्यांनी मग कडेने यावे आणि उंच चेंडू आत टाकावा. मॉर्गन-हुथ तो डोक्याने परतवीत. शेतकऱ्याने भारा उचलून टाकावा तसे.

आता दुसरा दोष पाहा. चेंडू पायात ठेवता येत नाही. पण समोरच्या संघाकडे चेंडू राहिला, तर तो संघ पुढे पुढे सरकत येतो; पुढे आला, की त्याच्या पाठीमागे मैदान ओस पडते; आणि ओस मैदान ही तर वार्डीची जहागीर! मधल्या फळीतला ड्रिंकवॉटर चेंडू मिळताच मान वर न करता तो लांब उचलून त्या रिकाम्या जागेत टाकी, कारण वार्डी तेथे धावत सुटलेला असणार हे त्याला ठाऊक असे. उजवीकडून महरेझ, दोन वर्षांपूर्वी फ्रान्सच्या दुसऱ्या वर्गातून पाच लाख पौंडांपेक्षा कमी किमतीत आणलेला, समोरच्या बॅकला असा काही झुलवी, की कट्ट्यावरच्या भाषेत सांगायचे तर त्याला घरचा पत्ता विसरायला लावी. त्याचे १७ गोल झाले. म्हणजे माझ्या उजव्या बाजूचे दोन दोष आणि डाव्या बाजूचा वार्डीचा पळ एकत्र करून रानिएरीने डाव मांडला होता. मी ते निरनिराळ्या रकान्यांत लिहिले आणि निरनिराळेच वाचले.

पण म्हणून रानिएरीने पहिल्या दिवसापासून सगळे ओळखले होते, असे मी म्हणणार नाही. पहिल्या ९ सामन्यांत प्रत्येक वेळी लेस्टरवर गोल झाले. सप्टेंबरात आर्सेनलने घरच्या मैदानावर येऊन ५-२ असे झोडपले. तेव्हा मी भाचीला दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यांतला सूर सात्त्विक नव्हता. त्या सामन्यानंतर त्याने बाजूचे दोन्ही बॅक बदलले. चढाईच्या हौशीचे काढून सिम्पसन आणि फुक्स हे घरात बसणारे घेतले. एकही गोल न खाता सामना जिंकलात तर सर्वांना पिझ्झा, असे त्याने खेळाडूंना कबूल केले होते. २४ ऑक्टोबरला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध १-० असा तो विजय आला आणि पिझ्झाही झाला. मात्र तो ज्याचा त्याने स्वतः करायचा, असे ठरले. पुढे फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत सहा सामन्यांत पाच विजय मिळाले आणि पाचही १-० असे. अजिंक्यपद मिळाले ते या पाचांत. लोकांना वार्डीचे गोल आठवतात. मला हे पाच रुक्ष सामने आठवतात.

रानिएरीबद्दल मी केलेली चूक वेगळ्या जातीची होती. इंग्लंडात पूर्वी चेल्सीला असताना तो दर सामन्याला संघ बदली, म्हणून त्याला खुडबुड्या अशा अर्थाचे टोपणनाव पडले होते. तेच मी पुन्हा उगाळले. लेस्टरला येऊन त्याने नेमके उलट केले: पिअरसनचे मदतनीस ठेवले, सरावाची घडी ठेवली, आणि तेच अकरा जण आठवड्यामागून आठवडा उतरवले. मॉर्गन आणि श्मायकेल ३८ सामन्यांचा प्रत्येक मिनिट खेळले. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस खोड सोडू शकतो, ही शक्यता माझ्या मनाला शिवलीच नाही. मी तेव्हा स्वतः साठीत होतो, त्यामुळे हे अधिक लाजिरवाणे आहे.

नशिबाचा वाटाही नाकारू नये. चषकांच्या स्पर्धांतून लेस्टर लवकर बाहेर पडले आणि युरोपातले सामने त्यांना नव्हतेच. त्यामुळे पाय ताजे राहिले. मोठ्या दुखापती फारशा झाल्या नाहीत. आणि थोर थोर संघ त्या वर्षी एकदमच कोसळले. आदल्या वर्षीचा अजिंक्य चेल्सी दहावा आला. लेस्टरकडून हरल्यावर तीनच दिवसांनी त्यांच्या मोरिन्योची गच्छंती झाली. एवढे सगळे मान्य. पण थोर संघ पडले म्हणून रिकामे झालेले सिंहासन आर्सेनलला का मिळाले नाही, याचे उत्तर नशिबात सापडत नाही.

राहिला कान्टे. त्याच्याविषयी लिहिणे मी इतका वेळ टाळत होतो.

पहिल्या सामन्यात त्याला शेवटची काही मिनिटे उतरवले. महिन्या-दोन महिन्यांत त्याच्याविना संघाची कल्पना करवेना. त्या वर्षी अख्ख्या स्पर्धेत सर्वांत जास्त वेळा समोरच्याच्या पायातून चेंडू काढला तो त्याने, आणि सर्वांत जास्त वेळा मधल्यामध्ये अडवला तोही त्याने. त्याचा खेळ नुसता पाहताना ध्यानात येत नाही. चेंडू जेथे जाणार तेथे तो आधीच असतो, त्यामुळे झटापट अशी होतच नाही. आणि जी होते तीत, खाली बुटका असल्यामुळे, त्याचा पाय आधी पोचतो. फ्रान्सात तो तिसऱ्या वर्गात खेळून वर आला. लहान म्हणून त्याला अनेकांनी नाकारले होते. त्याच्या आदल्या वर्षीच्या फ्रान्समधल्या खेळाचे आकडे तर जगापुढे होते. चेंडू परत मिळवण्यात तो तेथेही पहिल्या रांगेत होता. मी ते आकडे पाहिले नाहीत, त्याची उंची पाहिली.

आणि "अंगाने किरकोळ" हे शब्द मला नवीन नव्हते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक मुलगा होता. वडील भाजीचा गाडा लावीत. सलग दोन वर्षे तो निवडीला आला, सर्वांआधी मैदानावर हजर असे, आणि सलग दोन वर्षे मी माझ्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिले: अंगाने किरकोळ, टक्कर झेपणार नाही. तिसऱ्या वर्षी तो आला नाही. मीही विचारले नाही. निवडीला शंभर मुले येत, कोण आले नाही याची नोंद कोण ठेवतो? पुढे बऱ्याच वर्षांनी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलो होतो. एका पेठेच्या संघाचा हाफ असा खेळत होता, की समोरच्यांना मधून वाटच नव्हती. ठेंगणा, शांत, पंचाकडे एकदाही हात न पसरणारा. मी शेजारच्याला विचारले, "हा कोण हो? कुठून आणला?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, "आणला कुठला, अहो सर, तुमच्याच शाळेचा की!" सामना संपल्यावर मी खाली जाऊन त्याला भेटलो नाही. भेटायला हवे होते.

ही हकिकत लेस्टरच्या परीक्षणात कशाला, असे कोणी विचारील. माझी चार पाने का चुकली याचे उत्तर मला आकड्यांत फार थोडे सापडले आणि त्या वहीत फार जास्त, म्हणून.

पुढची पाने भराभर उलटतो. २०१६ च्या ऑगस्टात भाचीने पुन्हा विचारले. खोड जात नाही; मी पुन्हा लिहिले. या खेपेस गुणांची बाजू भरगच्च होती. कान्टे चेल्सीला गेला, हा एकच दोष. पण क्लबने त्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी किंमत देऊन स्लिमानी हा फॉरवर्ड घेतला आहे, तेव्हा पहिल्या सहांत यायला हरकत नाही. झाले काय, तर आता सगळे संघ शहाणे झाले होते. ते पुढे येईनात. वार्डीला पळायला मैदान मिळेना. लेस्टरलाच चेंडू घेऊन चढावे लागे, मग मॉर्गन आणि हुथ पुढे येत, आणि त्यांच्या मागे ओस मैदान पडे. २०१५ साली मी जे दोष लिहिले होते ते असे एक वर्ष उशिरा, एकेक करून खरे ठरले. युरोपात संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जाऊन पोचला, कारण तिथले संघ अजून पुढे येत होते. घरच्या स्पर्धेत मात्र तळाला लागला. अजिंक्यपदाला दहा महिने व्हायच्या आत, २३ फेब्रुवारी २०१७ ला, रानिएरीला काढले. संघ कसाबसा बारावा आला. आणि कान्टे? चेल्सी त्या वर्षी अजिंक्य ठरले.

२०२२ चे माझे भाकीत सांगण्यासारखे नाही, पण सांगतो. मॅडिसन, टीलेमन्स, बार्न्स अशी नावे मी आनंदाने गुणांत लिहिली. अकरा वर्षे पोस्ट राखलेला श्मायकेल गेला आणि त्याच्या जागी राखीव गोलरक्षकच उभा राहिला, याला मी अर्धी ओळ दिली. कॉर्नरवर हा संघ गोल खातो, हे आदल्या वर्षीच दिसले होते. ते मी लिहिलेच नाही, कारण पुढची फळी पाहून डोळे दिपले होते. त्या हंगामात लेस्टरने ५१ गोल केले. एव्हर्टनने केले ३४. वाचले एव्हर्टन. ५१ करणारे ६८ खाऊन अठराव्या क्रमांकावर खाली गेले. अठरावा क्रमांक! आठ वर्षांपूर्वी मी वर्तवलेला, तोच. भाचेजावयांनी फ्रिजवरच्या पानावर लाल शाईने '२०२३' असे साल घालून मला फोटो पाठवला.

त्यानंतर संघ वर चढला आणि २०२५ मध्ये पुन्हा उतरला. त्याच वर्षी मे महिन्यात वार्डीने लेस्टरसाठी आपला ५०० वा आणि अखेरचा सामना खेळला आणि त्यात २०० वा गोल केला. वय अडतीस. खालच्या वर्गात गेलेल्या संघाचे मैदान त्या दिवशी भरलेले होते. भाची मुलाला घेऊन गेली होती. कुंडली मांडली त्या वर्षी हा मुलगा दोन वर्षांचा होता. आता शाळेच्या संघात हाफ खेळतो. गेल्या महिन्यात तिने त्याच्या एका सामन्याचे चित्रण मला पाठवले. खाली लिहिले होते: "मामा, क्लबच्या निवडीला पाठवायचा विचार आहे. वर्गात सगळ्यांत बुटका आहे. तुम्ही पाहून स्पष्ट सांगा."

चित्रण मी सात वेळा पाहिले आहे. उत्तर अजून धाडलेले नाही.